वाडीचे कंडक्टर तात्या

ओलीपायरी

तात्यांना जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस काही लिहिलं नाही, पण परवा वाडीतून एक गोष्ट कानावर आली आणि राहवेना. त्यांच्या खोलीत मोठा फोटो लावायचा, खाली पादुका ठेवायच्या आणि दर गुरुवारी आरती सुरू करायची असं काही मंडळींच्या मनात आहे. माणसं भली आहेत, हेतूही वाईट नाही. पण तात्यांना हे अजिबात चाललं नसतं. आधी ते कसे होते ते लिहितो, मग तुम्ही बोला. शिवाय त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत, त्यांचं काय करावं यावरही सल्ला हवाय.

वाडी म्हणजे नृसिंहवाडी, आपली नरसोबाची वाडी. शिरोळ तालुक्यात पंचगंगा कृष्णेला मिळते तिथली. दत्तसंप्रदायातल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की नृसिंहसरस्वतींचं इथे बारा वर्षं वास्तव्य होतं असं मानतात. गाभाऱ्यात मनोहर पादुका आहेत, आणि देऊळ इतकं काठाशी आहे की पावसाळ्यात नदी सरळ आत येते. उत्तरेकडून शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. हा दक्षिणद्वार सोहळा. तेव्हा स्नानाला झुंबड उडते. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते.

तात्या एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण करायला वाडीला आले ते परत गेलेच नाहीत. घाटाच्या वरच्या अंगाला एका जुन्या वाड्यात दहा बाय दहाची खोली घेतली. पत्र्याची ट्रंक, वळकटी, वातीचा स्टोव्ह, दोन धोतरं आणि खिळ्याला टांगलेला तिकिटाचा पंच, एवढाच संसार. "पंच डेपोत जमा करायचा असतो ना?" असं विचारलं की म्हणायचे, "केला की जमा. ह्यो जुन्या बाजारातला हाय." जप माळेवर नाही, पंचावर. हाताचा चाळा आणि नामस्मरण एकदमच. टक, दिगंबरा. टक, दिगंबरा. अनुष्ठानाला आलेले एक गृहस्थ शेजारच्या खोलीत उतरले होते, ते तिसऱ्या दिवशी पहाटे दार वाजवून म्हणाले, "अहो, जरा हळू जप करता येईल का?" तात्यांनी त्या दिवसापासून पंचाला चिंधी गुंडाळली.

माझी बदली जयसिंगपूरला झाली होती. संध्याकाळी वेळ जात नसे म्हणून वाडीला जायचो. एका पौर्णिमेला दर्शनाच्या रांगेत उभा होतो तर मागून खणखणीत आवाज आला, "पुढं सरका पुढं, आत जागा आहे, दारात गर्दी करू नका!" अर्धी रांग हसली आणि खरंच पुढे सरकली. ते तात्या. स्वतः मात्र गुरुवारी किंवा पौर्णिमेला कधी दर्शन घ्यायचे नाहीत. "आज पॅसेंजर जास्त हैत. आपण पासवाले, उद्या बघू." दत्तजयंतीला तर दिवसभर चपलांपाशी बसायचे. लोक घाईत काढून फेकतात त्या जोड्याजोड्याने लावायच्या, हा त्या दिवशीचा त्यांचा नेम.

दत्त महाराजांना ते 'कंट्रोलरसाहेब' म्हणायचे. ज्यांनी एसटी स्टँडवर दिवस काढलेत त्यांना कळेल. गाडी कधी सोडायची, कुठल्या फलाटाला लावायची, कोणती रद्द करायची, सगळं कंट्रोलरच्या खिडकीत ठरतं. तिथे वाद घालून उपयोग नसतो, पण कंडक्टर घालतोच. तात्याही घालायचे. घाटावर उभं राहून मोठमोठ्याने. एकदा गावातलं एक लहान पोर तापाने गेलं, तेव्हा आठवडाभर ते देवळात गेले नाहीत. नदीवर जायचे, स्नान करायचे, खालूनच कळसाच्या जागेकडे बघायचे (या देवळाला शिखर नाही, हे लक्षात असू द्या) आणि परत यायचे. आठव्या दिवशी गेले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "किती दिवस ड्युटीवर गैरहजर राहणार?"

नवस बोलायला त्यांचा सक्त विरोध. कुणी आशीर्वाद मागायला वाकलं की पाय मागे घेऊन म्हणायचे, "मी कंडक्टर हाय बाबा, ड्रायव्हर न्हाई." हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय, आणि आज त्यांच्या पादुका करायला निघालेल्यांनीही ऐकलंय.

आता वह्या. रोज पहाटे काकड आरतीआधी स्नान झालं की तात्या घाटाच्या किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजायचे. खोलीवर येऊन शाळेच्या दोनशेपानी वहीत लिहायचे. वहीवर रूळाने रकाने आखलेले, हुबेहूब एसटीच्या वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारखे. तारीख, वेळ, उघड्या पायऱ्या, पाण्याचा रंग, शेरा. २००३ पासून शेवटच्या आजारपणापर्यंत. एका ट्रंकेत मावतील एवढ्या वह्या आहेत.

शेरे वाचण्यासारखे आहेत. 'तांबडं पाणी आलं. पहिलं.' 'पंचगंगा थांबली.' 'जलपर्णी. कुणीतरी वर पाप केलंय.' 'राधानगरीचे दरवाजे उघडल्याचं रेडिओवर. तयारीत.' २००४ आणि २०१६ च्या कन्यागतात, म्हणजे गुरू कन्या राशीत येतो तेव्हाच्या बारा वर्षांच्या पर्वात, शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरलेली नाही, बाजूच्या समासात उभं लिहिलंय. आणि दक्षिणद्वार घडलं की तारखेपुढे फक्त एक पंचाचं भोक.

बोला.

वाकडीनजर

छान लिहिलंय. पण पादुकांना एवढा विरोध का? लोकांची श्रद्धा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत फोटो लावला तर कुणाचं काय बिघडतं?

ओलीपायरी

@वाकडीनजर, फोटो लावा की. एसटीच्या खाकी ड्रेसमधला आहे, मीच देतो. पण पादुका आल्या की पेटी येते, पेटी आली की विश्वस्त येतात आणि मग पाचेक वर्षांत 'परमपूज्य' येतं. वाडीत पादुका एकाच, असं तात्या स्वतः म्हणायचे. त्यांना त्यांच्याच मालकासमोर दुकान मांडायला लावू नका, एवढंच.

सांगलीची_चिंच

तात्या म्हणजे ते पंचवाले आजोबा का? लहानपणी आई दर महिन्याला वाडीला न्यायची. पेढे, कवठाची बर्फी आणि पंचवाले आजोबा, या तीन गोष्टींसाठी मी जायचे. ते आम्हा पोरांना घाटावर एका रांगेत बसवायचे, ही गाडी, मी कंडक्टर, कोण कुठे उतरणार सांगा. कुणी मुंबई सांगायचं, कुणी चंद्र. चंद्राचं तिकीट मागितलं की ते गंभीरपणे विचारायचे, "अर्धं का फुल?" आणि चिंचोक्याएवढ्या कागदाच्या तुकड्याला भोक पाडून द्यायचे. "सुट्टे नाहीत, उतरताना घ्या." माझ्या एका जुन्या कंपासपेटीत असा एक तुकडा अजून असेल.

ते गेले हे आत्ता कळतंय. वाईट वाटलं.

पलीकडचा_काठ

मी कुरुंदवाडचा. सगळे गोड गोड लिहितायत म्हणून जरा कडू लिहितो. मला तात्या माहीत होते आणि मला त्यांचा प्रचंड राग आला होता.

२०१९ चा ऑगस्ट. इथल्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. त्या पुरात कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर. आणि या दोन्ही नद्यांचं पाणी एकत्र येतं ते आमच्या दारात. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात. बोटी कमी, माणसं जास्त. गुळाच्या काहिली पाण्यात सोडून आम्ही जनावरं आणि म्हातारीकोतारी बाहेर काढत होतो. ब्रह्मनाळला ८ तारखेला बोट उलटून माणसं गेली ती बातमी आली तेव्हा सगळ्यांच्या हातापायातलं बळ गेलं होतं.

त्याच्या अलीकडचा दिवस. तात्यांच्या वाड्यात जिन्यापर्यंत पाणी. आम्ही बोट लावली, बाकीचे उतरले, तात्या उतरेनात. काय तर म्हणे नोंद राहिली. पायऱ्या सगळ्या पाण्याखाली, आता मोजणार काय? तर भिंतीवर त्यांनी २००५ च्या पुराला खिळा मारून ठेवला होता, त्याच्या वर पाणी किती बोटं आहे ते मोजायचं होतं त्यांना! आमच्यातला एकजण चिडून बोट घेऊन निघालाच, आणि मग परत वळवावी लागली. ओढ वाढत होती. परत वळताना बोट एका खांबाला घासली. एक वल्हं गेलं. वरून हा म्हातारा ट्रंक डोक्यावर घेऊन कमरेभर पाण्यात उभा. कपडे घेतले नव्हते. ट्रंकेत वह्या.

चार माणसांचा जीव एका वहीसाठी टांगणीला. याला भक्ती म्हणायची का हट्ट, ते तुम्ही ठरवा.

लेव्हल_स्टाफ

@पलीकडचा_काठ, तुमचा राग रास्त आहे. पुराच्या पाण्यात माणूस आधी, हे मी आयुष्यभर पाटबंधाऱ्यात नोकरी करून सांगतो. पण त्या वहीबद्दल मला उत्सुकता आहे, ती वेगळी गोष्ट. ओलीपायरी, २०१९ चं पान टाकता येईल का?

पलीकडचा_काठ

थांबा, माझं संपलं नाही. अर्धवट टाकून गुरं बघायला गेलो होतो.

पूर ओसरला, गाळ काढून झाला, गणपती झाले. एके दिवशी तात्या आमच्या दारात. चालत आले होते, वाडीहून पूल ओलांडून. आईने बसा म्हटलं तर बसले नाहीत. मला बाहेर बोलावलं, कोपरीच्या खिशातून दहाची नोट काढली आणि एक जुनं, पिवळं पडलेलं एसटीचं तिकीट. त्याला पंच मारलेला. म्हणाले, "त्या दिवशी बोटीत बसलो, तिकीट काढायचं राहिलं. विनातिकीट प्रवास माझ्याकडनं आयुष्यात झाला नव्हता." बोटीवरच्या चौघांकडे असेच गेले, प्रत्येकाच्या घरी, वेगवेगळ्या दिवशी. ज्याने बोट सोडून दिली होती त्याच्याकडे पहिल्यांदा.

मग २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, राजाराम बंधाऱ्यावर २०१९ पेक्षाही वर. तेव्हा आम्ही बोट घेऊन पोचलो तर तात्या आधीच ट्रंक बांधून दारात उभे. नोंद झाली का विचारलं. "पहाटेच घेतली. उगा तुमची गाडी लेट नको."

दहाची नोट खर्च झाली. तिकीट पाकिटात आहे. राग गेला का, तर सगळा नाही गेला.

वाकडीनजर

हे तिकिटाचं भारी आहे राव.

आंब्याची_डहाळी

मी कधी इथे लिहीत नाही, वाचते फक्त. तात्या माझे थोरले काका. माझे वडील त्यांचे धाकटे भाऊ.

तुम्ही सगळे ज्या माणसाबद्दल लिहिताय तो माणूस मला फारसा माहीत नाही. मला माहीत आहे ते घर सोडून गेलेले काका. काकू गेल्या, त्यानंतर काही महिन्यांतच ते पारायणाला म्हणून गेले. आजी तेव्हा अंथरुणावर होती. सात दिवसांनी येतो म्हणाले होते. आईने आठव्या दिवशी त्यांच्या आवडीचं भरलं वांगं केलं होतं, हे ती अजून सांगते. नंतर पोस्टकार्ड आलं, 'इकडे सर्व ठीक. पाणी निवळ आहे.' बस्स. आजीचं सगळं माझ्या आईने केलं. कूस बदलण्यापासून. पैसे मात्र काका दरमहा पाठवायचे, पेन्शन फार नव्हती तरी. आई म्हणायची, मनिऑर्डर कूस बदलत नाही.

माझ्या लग्नाला आले. एसटीने, एकटे. पंगतीत वाढायला उभे राहिले, नवरदेवाच्या मामांना कळलंच नाही की हे मुलीचे थोरले काका. फोटोत कुठेच नाहीत. संध्याकाळच्या गाडीने गेले.

त्यामुळे पादुका वगैरे वाचलं तेव्हा मला हसू आलं, मग राग आला, मग काय आलं ते सांगता येत नाही. ओलीपायरी, तुम्हाला एक विनंती आहे. आजी २००८ च्या जानेवारीत गेली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. काका आले नाहीत, तेराव्याला आले. त्या दिवशी वहीत काय आहे ते बघून सांगाल का? काहीच नसेल तर तसंच सांगा. मला चालेल.

सांगलीची_चिंच

@आंब्याची_डहाळी ताई, लिहिलंत हे बरं केलंत.

ओलीपायरी

@आंब्याची_डहाळी, वही काढून बघितली. आहे तसं उतरवून देतो.

आदल्या दिवसापर्यंत नोंदीची वेळ पहाटेची आहे, पावणेपाच, पाच अशी. त्या दिवशी वेळेच्या रकान्यात 'दुपारी सव्वादोन'. पायऱ्यांचा रकाना कोरा. इतक्या वर्षांच्या वह्यांमध्ये पुरात पायऱ्या बुडालेल्या असतानाही तो रकाना त्यांनी कोरा सोडलेला नाही, तिथे 'नाही' असं लिहिलेलं असतं. त्या दिवशी काहीच नाही. रंग: निवळ. शेरा: 'आई उतरली. मी स्टँडवर होतो. कऱ्हाड गाडी लागलेली. चढलो नाही.'

पुढचे तीन दिवस पानं आखलेली आहेत पण भरलेली नाहीत.

याच्यावर मी काही बोलू शकत नाही. मला याबद्दल ते कधी काही म्हणाले नव्हते. पण ती वही तुमची आहे असं मला वाटतं. पत्ता खाजगी निरोपात कळवा.

आंब्याची_डहाळी

पाठवू नका. मी येते घ्यायला. आईलाही आणीन म्हणते, तिची तयारी असेल तर.

लेव्हल_स्टाफ

या ताईंच्या प्रतिसादानंतर तांत्रिक काही लिहिणं बरं दिसत नाही, पण विचारलंय म्हणून लिहितो.

मी वह्या पाहिलेल्या नाहीत, वर दिलेल्या शेऱ्यांवरून सांगतो. तात्यांना जे दिसत होतं ते आमच्या तक्त्यात येत नाही. 'पंचगंगा थांबली' हा शेराच घ्या. कृष्णा फुगली की संगमाशी पंचगंगेला पुढे जायला जागा उरत नाही, तिचं पाणी मागे तुंबतं. त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. कोल्हापूरकडचा पाऊस थांबला तरी शिरोळच्या बाजूला पाणी लवकर उतरत नाही त्याचं एक मोठं कारण हे. सरकारी नोंदी राजाराम बंधारा, आयर्विन पूल, राजापूर बंधारा अशा ठिकाणच्या असतात. संगमावर रोज पहाटे उभं राहून दोन्ही पात्रांकडे बघणारा माणूस, तोही इतकी वर्षं सलग, ही चैन आम्हाला कधीच नव्हती.

'तांबडं पाणी, पहिलं' हेही तसंच. पावसाळ्याचं पहिलं गढूळ पाणी संगमावर कोणत्या तारखेला पोचलं याची वर्षावर्षाची यादी त्यातून सहज निघेल.

अडचण एकच. पायरी हे माप नाही. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, गाळ बसतो, दुरुस्तीत एखादी बदलते. त्यामुळे घाटाच्या एका पक्क्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची काढायची, तिथून खाली प्रत्येक पायरी लेव्हल लावून मोजायची, मग वहीतला आकडा मीटरमध्ये आणता येतो. भिंतीवरचे खिळे तर फारच कामाचे. ते आधी मोजा. वाड्याला रंग द्यायला निघाले आणि कुणी खिळे उपटले तर संपलं.

वाकडीनजर

म्हणजे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो का नाही याचा निकाल तात्यांच्या वहीत लागणार तर! 😀

लेव्हल_स्टाफ

नाही लागणार. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने वडनेरे समिती नेमली, २०२० मध्ये तिचा अहवाल आला, तरी तो वाद चालूच आहे. एका घाटावरच्या नोंदींवरून एवढ्या लांबच्या धरणाबद्दल काही म्हणणं बरोबर नाही. कोयनेतून किती सोडलं, मधल्या मोकळ्या खोऱ्यात किती पडला, पात्रात किती अतिक्रमण, सगळं धरावं लागतं.

ओलीपायरी

तात्यांना हा प्रश्न प्रत्येक पुरात कुणी ना कुणी विचारायचंच. पत्रकारही आले होते एकदा. तात्या म्हणाले, "माझ्या स्टॉपवर गाडी कितीला आली ते मी सांगतो. मागं कुठं लेट झाली ते डेपोत विचारा." पत्रकाराने छापलं नाही.

जुना_भाविक

मी वाडीत राहतो. फोटो आणि पादुकांची कल्पना ज्यांची, त्यांतला मी एक. वाचून थोडं लागलं, पण ठीक आहे.

आमची बाजूही ऐका. तात्यांनी कुणाला उपदेश केला नाही हे खरं. पण पूर उतरला की गुडघाभर गाळात उतरून पायऱ्या धुवायला पहिला माणूस कोण? तो गाळ कसा असतो ते बाहेरच्यांना कळणार नाही. वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. दोन दिवस गेले की पायरीला असा धरतो की खोऱ्याने निघत नाही. तात्या त्यासाठी स्वयंपाकाचं उलथनं घेऊन बसायचे, एकेक खाच मोकळी करत. निर्माल्य नदीत टाकणाऱ्याच्या हातातून पिशवी काढून घ्यायचे, त्यातलं प्लॅस्टिक वेगळं करायचे आणि मोकळी पिशवी घडी करून परत द्यायचे, वर "तुमचं सामान राहिलं" म्हणून. माधुकरीत जास्तीचं आलं तर पहिलं घाटावरच्या वेडसर बाईला, मग स्वतः. असा माणूस आमच्यात होता हे पुढच्या पोरांना कसं सांगायचं? आम्हाला एकच पद्धत माहीत आहे, ती म्हणजे पादुका. दुसरी असेल तर सांगा.

ओलीपायरी

@जुना_भाविक, तुम्ही इथे आलात त्याबद्दल मनापासून आभार. लागलं असेल तर माफ करा, राग कल्पनेचा होता, तुमचा नाही.

दुसरी पद्धत मला दिसते ती अशी. खोली आहे तशी ठेवायची. भिंतीवरचे खिळे, त्यांच्यापुढे वर्षं. आणि एक नवी वही. घाटावर रोज पहाटे कुणीतरी असतंच, ज्याला जमेल त्याने पायऱ्या मोजायच्या आणि लिहायच्या.

जुना_भाविक

रोज लिहिणार कोण? दोन महिने लिहितील उत्साहाने.

पलीकडचा_काठ

आषाढ ते भाद्रपद मी लिहीन. तसंही पावसाळ्यात पहाटे पाणी बघायला उठतोच आम्ही, गुरं कधी हलवायची ते ठरवायला. बाकीच्या महिन्यांचं तुम्ही वाडीकर बघा. फक्त पूर आला आणि वही वर न्यायची राहिली तर मी बोट परत वळवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

लेव्हल_स्टाफ

रोज मोबाइलवर फोटोही काढत जा. पान भिजलं तरी नोंद राहते.

सांगलीची_चिंच

वह्या स्कॅन करायच्या असतील तर माझ्याकडे सपाट काचेचा स्कॅनर आहे. जुन्या वह्या मोबाइलने काढल्या तर शिवणीकडची अक्षरं जातात. आणि तात्या समासात उभं लिहायचे म्हणताय, म्हणजे दोन्ही बाजूंनी घ्यावं लागेल.

ओलीपायरी

तर मग असं ठरवू. वर्षश्राद्धाच्या आदल्या शनिवारी खोलीवर जमायचं. @लेव्हल_स्टाफ, लेव्हलचं यंत्र आणि धरायला माणूस तुम्ही बघा. घाटावर मोजायला देवस्थानाला आधी विचारावं लागेल, ते @जुना_भाविक यांच्याकडे. @सांगलीची_चिंच, खोलीत वीज आहे पण प्लग एकच आहे आणि तोही सैल, एक्स्टेंशन बोर्ड आणा. स्कॅन केलेल्या प्रती ग्रामपंचायतीत आणि तालुक्याच्या वाचनालयात द्यायच्या. २००८ ची वही कुणीही आधी नेणार नाही, ती @आंब्याची_डहाळी आणि त्यांच्या आई आल्यावर.

फोटोचं तुम्हीच ठरवा, खाकी ड्रेसमधला मी मोठा करून आणतो. पादुका नकोत.

जुना_भाविक

पादुकांचं मी बाकीच्यांशी बोलतो. एक-दोन जण ऐकणार नाहीत. देवस्थानाला विचारतो, मंगळवारी गर्दी नसते तेव्हा. शनिवारी प्रसादाला सगळे आमच्याकडे या. किती जण ते आधी कळवा.

पलीकडचा_काठ

आमच्याकडून चार. बोटीवरचे सगळे.